चौदावा रकाना

३ मार्च, सोमवार

चौदावा रकाना भरला!

अर्ज एकोणीस पानांचा, दर तीन वर्षांनी करायचा. आमची संस्था परदेशी. एक सुई टोचायची तरी सरकारची परवानगी लागते, आणि ती शहराच्या कुठल्या नऊ विभागांत टोचायची तेही ठरलेलं. चौदावा रकाना विचारतो: 'परवानगी दिलेल्या क्षेत्राबाहेर संस्था काही काम करते काय? असल्यास तपशील द्यावा.' जुन्या फायली काढून पाहिल्या. माझ्याआधी या टेबलावर जे जे बसले, त्या सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय. निरंक.

निरंक कसं? दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपली दवाखान्याची गाडी पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत जाते. सहा वर्षं जाते. टीबीचे सदतीस पेशंट आहेत तिथे. आणि जाते तीही सरकारच्याच माणसाच्या तोंडी सांगण्यावरून! त्या वेळचे आरोग्य अधिकारी स्वतः येऊन म्हणाले होते, तिकडे आमचं केंद्र नाही, तेवढं तुम्ही बघा. गाडीच्या वहीत सगळं आहे. मी तपशील लिहिला. तारखा, आकडे, वस्तीचं नाव.

संचालकबाईंना आपली भाषा बोलण्यापुरती येते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. "खरं आहे ना?" हो म्हटलं. "मग अडचण काय?" सही केली.

मंत्रालयाच्या आवक खिडकीवर अर्ज दिला. पोच घेतली. चौदाव्या रकान्याच्या पानाच्या दोन प्रतींवर शिक्का, नंबर, तारीख. खिडकीतले टाचणीकाका (प्रत्येक कागदाला टाचणी लावतात, स्टेपलरवर त्यांचा विश्वास नाही) म्हणाले, "एका पोचेवर तुझं भागत नाही का गं?" नाही भागत. मी सात वर्षांची असताना बाबांनी माझा शाळेचा फॉर्म शेजाऱ्याकडून भरून घेऊन शाळेत दिला. शाळेने हरवला. "पोच दाखवा." पोच म्हणजे काय हेच बाबांना ठाऊक नव्हतं. मी वर्षभर घरी बसले. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिली मी, आणि तीसुद्धा वर्षभर उशिरा. तेव्हापासून दोन.

आणखी एक गोष्ट. इथे तरी खरी लिहायला हवी. ती वस्ती माझी आहे. रकाना मी नुसता खरेपणासाठी भरलेला नाही. सरकारी नकाशावर आमच्या घरांच्या जागी निळी रेघ आहे आणि 'नदीपात्र — राखीव' असं लिहिलंय. मला आमचं नाव सरकारी शिक्क्याच्या कागदावर बघायचं होतं. एकदा तरी.

४ मार्च, मंगळवार

पोचेची दुसरी प्रत घरी नेली. बाबा दारातच. "आले, आमचे साहेब आले!" गोदामात ओझी वाहायचे तेव्हा त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता 'साहेब' म्हणतानाही मध्ये श्वास घ्यावा लागतो. पण बरे आहेत. टीबीच्या गोळ्यांचा पाचवा महिना संपत आला. सहा पुरे केले की सुटले.

कागद दाखवला. "यातलं आपलं नाव कुठलं?" बोट धरून नेलं त्या शब्दावर. बाबांनी तो शब्द बोटाने दोनदा चाचपला, कापडाचा पोत बघावा तसा. "आणि हा शिक्का सरकारचा?" सरकारचा. "म्हणजे सरकारनं वाचलं?"

वाचलं नसेल अजून. पण मिळालं, असं लिहून दिलंय.

"तेवढं पुष्कळ झालं," म्हणाले. कागद ठेवून घेतला.

१० मार्च, सोमवार

टाचणीकाकांचा फोन. "ये. आत्ता ये. बॅग-बिग घेऊ नकोस, चहा प्यायला आल्यासारखी ये."

कँटीनच्या मागच्या बाकावर बसवलं. माझ्याकडे बघत नव्हते. "पोरी, काय करून बसलीस? सहा वर्षं त्या रकान्यात निरंक लिहून चाललंय आमचं-तुमचं."

मी म्हटलं, पण गाडी जाते हे तुमच्या खात्याला ठाऊक आहे! तुमच्याच साहेबांनी सांगितलं होतं!

"ठाऊक आहे. मिळालेलं नाही. ठाऊक असलेल्या गोष्टीवर कारवाई करावी लागत नाही, मिळालेल्या कागदावर करावी लागते. तुमची गाडी तिथे जाते असं सरकारने मान्य केलं, तर तिथे माणसं राहतात हेही मान्य करावं लागेल. मग त्यांना पाणी द्या, रस्ता द्या. कोण करणार? त्यापेक्षा तुमची गाडी थांबवणं सोपं."

चहा तसाच राहिला. त्यांनीच प्यायला.

१२ मार्च, बुधवार

पत्र आलं. 'परवानगीच्या अटींचा भंग झाल्याचे संस्थेच्याच अर्जावरून दिसून येत असल्याने' सगळं काम स्थगित. फक्त वस्तीतलं नाही, नऊच्या नऊ विभागांतलं! दोन इन्स्पेक्टर येऊन औषधांच्या कपाटाला सील लावून गेले. नर्सताई त्यांना सांगत होत्या, "अहो, निदान शुक्रवारच्या पुड्या तरी काढून घेऊ द्या." त्यातला एक म्हणाला, "ताई, माझ्या सासूबाईही तुमच्याच गोळ्या खातात. पण सही माझी आहे."

'संस्थेच्याच अर्जावरून.' माझ्या अक्षरावरून.

१४ मार्च, शुक्रवार

गाडी गेली नाही. मंगळवारी तीन दिवसांच्या पुड्या मिळतात, शुक्रवारी चार दिवसांच्या. म्हणजे आजपासून कुणाकडेच गोळी नाही.

सकाळी कामाला निघाले तेव्हा पुलाच्या तोंडाशी सगळे हातात कार्डं घेऊन उभे. शिवणवाली काकूपण होती. तिचा जेमतेम दुसरा महिना. "काय गं, तुमची गाडी पंक्चर का?" मी म्हटलं, कळवते. पंक्चर नाही असं म्हटलं नाही. म्हणजे खोटंच बोलले.

१५ मार्च, शनिवार

आई लाँड्रीतली पाळी बुडवून बाबांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. चादरी घड्या घालून घालून तिची बोटं वाकडी झालीत, त्या बोटांनी बाबांचं कार्ड खिडकीत धरून दीड तास उभी. "पत्ता?" आईने सांगितला. "हा पत्ता आमच्या यादीत नाही, मावशी." मग कुठला सांगू? "असलेला सांगा."

आई घरी येऊन हसली! हसतच सांगितलं सगळं. मला ते हसू बघवेना.

१७ मार्च, सोमवार

मी आणि संचालकबाई मंत्रालयात. कक्ष अधिकाऱ्यांनी दोन तास बाहेर बसवलं, मग अगदी अगत्याने आत बोलावलं. बाईंशी इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा. माझ्याकडे वळून आपल्या भाषेत, "मॅडम, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. एवढं सुवाच्य कुणी लिहीत नाही. इथेच घोटाळा झाला."

मग मुद्द्यावर आले. ते पान परत घ्यायचं, नवं जोडायचं, त्यावर निरंक. सोबत संस्थेचं प्रमाणपत्र: आधीची माहिती अननुभवी कर्मचाऱ्याकडून चुकून लिहिली गेली, सदर ठिकाणी संस्थेने कधीही काम केलेलं नाही, तिथे लोकवस्ती असल्याचं संस्थेच्या माहितीत नाही. पोचेच्या सगळ्या प्रती परत, आणि अन्य प्रत अस्तित्वात नाही असंही लिहून द्यायचं. मग सील निघेल. नवीन परवाना एकतीस तारखेला.

"आम्ही काही तुमचे शत्रू नाही," म्हणाले. "तुमच्याशिवाय आमचं चालत नाही, आमच्याशिवाय तुमचं. फक्त ते एकमेकांच्या तोंडावर बोलायचं नसतं."

जिन्यात बाई म्हणाल्या, "असलं खोटं मी लिहून देणार नाही." मला वाटलं, पाया पडावं यांच्या. मुख्य कार्यालयाला विचारते म्हणाल्या.

१८ मार्च, मंगळवार

मुख्य कार्यालयाचं उत्तर: 'आमची तत्त्वं ठाम आहेत. स्थानिक परिस्थितीनुसार निर्णय स्थानिक पातळीवर घ्यावा.'

बाईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. जणू तिसऱ्या खेपेला त्यात दुसरं काही लिहिलेलं निघेल. मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. "नऊ विभागांत चारशेबारा माणसं आहेत," म्हणाल्या. "आज त्यांचीही गोळी चुकली."

प्रमाणपत्रावर 'माहिती लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची' सही लागते. म्हणजे स्थानिक पातळी म्हणजे मी.

बाबांचा खोकला परत आला. पहिल्यासारखा, पोटातून. पाच दिवस झाले. नर्सताई म्हणतात, मध्येच तुटलं तर नंतर साध्या गोळ्या लागू होत नाहीत. मी विचारलं, किती दिवस तुटलं तर? त्या म्हणाल्या, "असं मोजायचं नसतं गं." मी मोजतेय.

१९ मार्च, बुधवार

बाबांकडे दुसरी प्रत मागितली. नीट समोर बसून सांगितलं: तो कागद परत द्यावा लागेल, तरच गोळ्या सुरू होतील. आणि मी काय लिहून देणार आहे तेही सांगितलं. इथे कुणी राहत नाही, असं.

बाबा बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, "तो कागद? तो गेला. तुझ्या आईनं शेगडी पेटवायला घेतला."

आईने मान खाली घातली.

रडूच आलं. कागद गेला म्हणून नाही. हायसं वाटलं म्हणून! 'अन्य प्रत अस्तित्वात नाही' हे एक वाक्य तरी खरं निघालं.

२० मार्च, गुरुवार

सही केली. अक्षर सुंदर आलं.

२१ मार्च, शुक्रवार

सील निघालं. गाडी आता पूल ओलांडणार नाही, आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो ना! पुलाच्या अलीकडे थांबली, लोक चालत आले. बाबांना आईने आणि काकूने दोन्हीकडून धरून आणलं. सात दिवसांनी गोळी घेतली.

मी गाडीच्या मागे उभी होते. कुणी मला काही बोललं नाही. काकू तर म्हणाली, "तूच खटपट केलीस म्हणे. देव भलं करो."

२६ मार्च, बुधवार

वस्तीत नोटीस लागली. पाण्याच्या नळाजवळच्या खांबावर, समाजघराच्या दारावर, आमच्या भिंतीवर. बंधाऱ्याच्या कामासाठी सात एप्रिलपासून जागा मोकळी करणार. सगळ्यांनी मलाच वाचायला लावलं. वस्तीत दुसरं आहे कोण एवढं भरभर वाचणारं? वाचत गेले, वाचत गेले आणि चौथ्या ओळीशी थांबले.

'सदर जागेत लोकवस्ती नसल्याचे संबंधित संस्थेच्या दिनांक २० मार्चच्या प्रमाणपत्रावरूनही स्पष्ट होते.'

"पुढे वाच की," कुणीतरी म्हणालं.

वाचलं. ती ओळही वाचली. ते प्रमाणपत्र कुणाचं, ते मात्र सांगितलं नाही.

दुपारी टाचणीकाकांना गाठलं. "बंधाऱ्याची फाइल दोन वर्षं पडून होती," म्हणाले. "एकाच कागदासाठी अडली होती. मला ते सही झाल्यावर कळलं. आईशप्पथ, सही झाल्यावर."

२७ मार्च, गुरुवार

मोफत सल्ला केंद्रातल्या वकीलबाई. स्थगिती मागता येईल म्हणाल्या. "पण मला एक कागद द्या. एकच. नोटिशीच्या आधीचा, सरकारी शिक्क्याचा, इथे माणसं राहतात असं ज्यात लिहिलंय." वस्तीतल्या लोकांनी पिशव्याच्या पिशव्या ओतल्या त्यांच्यापुढे. मतदानाची कार्डं मालकांच्या पत्त्यावरची. रेशनची कार्डं नातेवाइकांच्या. दवाखान्याची कार्डं आमच्या संस्थेची, आणि संस्थेने तर लिहूनच दिलंय!

सगळे गेल्यावर मी त्यांना सांगितलं. सगळं. रकान्यापासून सहीपर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे असा कागद होता. आणि तो तुम्ही हाताने परत दिलात?"

हो.

"दुसरी प्रत?"

शेगडीत.

माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज घरी सांगितलं. ती सही माझी. नोटिशीतली ती चौथी ओळ माझी. बाबांच्या पायाशी बसून सांगितलं. मी एकटी शाळेत गेले आणि सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं, असंच म्हणाले.

बाबा उठले. फळीवरून माझी दहावीची गुणपत्रिका काढली. प्लास्टिकच्या पाकिटात आहे, पाहुणा आला की दाखवतात. पाकिटात बोटं घालून गुणपत्रिकेमागून घडी केलेला कागद ओढला.

पोच!

बाबा! तुम्ही तर म्हणालात —

"म्हणालो. तो घरात आहे असं तुला ठाऊक असतं तर तू सही केली असतीस? तुझा हात गळून पडला असता, पण तू खोटं लिहिलं नसतंस. मग मला गोळ्या कुठल्या?" मग आईकडे बघून, "हिला म्हटलं, मान खाली घाल आणि काही बोलू नकोस. तेवढं जमलं तिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

आई म्हणाली, "पुरे. खोकला येईल."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याशी खोटं बोलले. आणि मी ते शिक्कामोर्तब करून सरकारला दिलं.

पण आता? कागद कोर्टात गेला की संस्थेने खोटं प्रमाणपत्र दिलं हे उघड. परवाना परवा-तेरवा नवा होणार. तो होणारच नाही. पुन्हा सील. चारशेबारा. बाबांचे पंचवीस दिवस राहिलेत. काकूचे चार महिने.

कागद डोळ्यांसमोरून हलत नाही.

२९ मार्च, शनिवार

शिवणवाली काकूकडे गेले. दुसऱ्या कुणाला विचारण्याचा मला हक्क नाही असं नाही, पण सगळ्यांत जास्त दिवस तिचे राहिलेत. मशीनवर बसली होती. नोटिशीतलं प्रमाणपत्र कुणाचं ते सांगितलं. मशीन थांबलं. मग कागदाचं सांगितलं, आणि तो दिला तर गोळ्यांचं काय होईल तेही.

दोऱ्याचं टोक ओठात धरून बसली. मग म्हणाली, "देव भलं करो म्हणाले होते तुला. ते परत घेते." आणि थोड्या वेळाने, "घरच पाडलं तर गोळ्या ठेवू कुठे गं? उघड्यावर, पावसात, खाऊ तरी कशाबरोबर? मला विचारतेस काय. दे जा."

मशीन पुन्हा सुरू केलं. मी बाहेर पडेपर्यंत वर बघितलं नाही.

तिथून टाचणीकाकांच्या घरी. दारातच विचारलं, तुमचं खातं म्हणेल की हा शिक्का आमचा नाही, मग? काका इकडेतिकडे बघत म्हणाले, "मला दोन महिन्यांत निवृत्त व्हायचंय. मी काही सांगत नाही. आवक वहीला छापील पान-नंबर असतात, पान फाडलं तर दिसतं. कोर्टाने वही मागवली तर न्यावी लागते. एवढं कुणालाही ठाऊक असतं. आता जा. आणि तू आली नव्हतीस."

३० मार्च, रविवार

संचालकबाईंना न सांगता जाणं मला जमणार नव्हतं. त्यांच्या घरी गेले. अर्धवट बांधलेल्या खोक्यांमध्ये उभ्या होत्या. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे —

हात वर केला त्यांनी. "थांब. तू मला सांगितलंस तर मला तुला अडवावं लागेल. आणि मला ते नको आहे." खिडकीपाशी गेल्या. तिथूनच, पाठमोऱ्या, "नर्सला मी कालच सांगितलंय. उद्या पहाटे गाडी नऊही विभागांत फिरेल. पुलाशीही. सगळ्यांना एकदम महिन्याच्या गोळ्या. कारण विचारू नकोस म्हटलं तिला."

म्हणजे त्यांना कळलंय. कुणाकडून ते मीही विचारलं नाही.

महिन्याच्या. बाबांचं पुरं होईल. काकूचं नाही.

निघताना म्हणाल्या, "त्या दिवशी मी विचारलं होतं, खरं आहे ना. आठवतं?"

आठवतं.

"मग मला मुख्य कार्यालयाला विचारावं लागायला नको होतं."

३१ मार्च, सोमवार

अकरा वाजून दहा मिनिटांनी पोच कोर्टात दाखल केली. तिची पोच घेतली. दोन प्रतींवर. एक बाबांकडे.